टोपी घेताना कुणी आपल्यालाच ‘टोपी’ घालू नये म्हणून… हिवाळी टोपी अशी पारखा!

दिवाळी संपली, सकाळी आंघोळीला गरम पाण्याची एक बादली जास्त लागायला लागली, की आपल्या शहरांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. एखाद्या मैदानाच्या कडेला किंवा मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवर स्वेटरवाल्यांच्या रांगा लागतात. वर दोरीला जॅकेटं, खाली टेबलावर टोप्यांचा ढीग. आपण त्यातली एक उचलतो, मुठीत दाबून बघतो. मऊ लागते.

“कितने की?”

“ढाई सौ.”

“प्युअर वुलन है ना?”

“एकदम प्युअर.”

थोडी घासाघीस होते, दोनशेला सौदा ठरतो आणि टोपी पिशवीत जाते. स्वेटर घेताना आपण चार दुकानं फिरतो, आरशासमोर उभे राहतो, घरच्यांना फोटो पाठवतो. टोपी मात्र जाता जाता उचलतो. आणि मग पंधरा दिवसांत तिच्यावर गोळे येतात, कपाळाला खाज सुटते, किंवा ती इतकी सैल होते की शिंकलं तरी डोळ्यांवर येते!

पुण्यात किंवा ठाण्यात सकाळी फिरायला जाताना हे चालून जातं. पण हीच टोपी घालून आई-बाबा चारधामला निघाले असतील, किंवा तुम्ही मुलांना घेऊन जानेवारीत मनालीला जाणार असाल, तर? तिथे थंडी वाजायला लागल्यावर कळतं, की आपण टोपी घेतली नाही, आपल्याला टोपी घातली गेली. म्हणूनच टोपी कशी पारखायची ते आज जरा नीट समजून घेऊ.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते, हे खरं आहे का?

“डोकं झाक, शरीराची निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते!” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. व्हॉट्सॲपवर तर दर हिवाळ्यात येतंच.

पण ते तसं खरं नाही. अमेरिकी सैन्याच्या १९७० च्या एका मार्गदर्शक पुस्तिकेत शरीराची ४० ते ४५ टक्के उष्णता डोक्यातून जाते असं म्हटलं होतं आणि तिथून ही समजूत फार पसरली. २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन डॉक्टरांनी अशा लोकप्रिय वैद्यकीय समजुतींचा समाचार घेतला, त्यात हिचाही नंबर लागला. साधा हिशेब असा, की मोठ्या माणसाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी डोक्याचा वाटा साधारण १० टक्के. उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते.

मग टोपी घालायचीच कशाला? कारण थंडीत आपण बाकी सगळं अंग झाकलेलं असतं. उघडं राहतं ते डोकंच. शिवाय थंडी वाजली की हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत राखतात. डोक्याच्या त्वचेत हे फार कमी होतं. कानांवर तर चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे गार वारा सगळ्यात आधी तिथे झोंबतो. थोडक्यात, टोपी ही काही जादू नाही, पण ती नसली तर बाकीच्या गरम कपड्यांवर केलेला खर्च अर्धवट राहतो.

आणि आणखी एक. टोपी स्वतः गरम नसते! तिच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा आपल्याच डोक्याची ऊब धरून ठेवते. टोपी चांगली की वाईट हे मुख्यतः यावरच ठरतं, की ती ही हवा किती धरून ठेवते, वारा आला तरी धरते का, आणि घामाने ओली झाली तरी धरते का.

आपली ‘लोकर’ खरंच लोकर असते का?

इथे घोळ आपल्या भाषेतच आहे. मराठीत आपण विणकामाच्या कुठल्याही जाडसर धाग्याला लोकर म्हणतो. “दोन गुंड्या लोकर आण” असं सांगून आजीने जो स्वेटर विणला, तो बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीचा नव्हताच. तो होता ॲक्रिलिकचा.

‘कॅशमिलॉन’ हा शब्द आठवतो? आपल्या लहानपणी विणकामाच्या दुकानात तो सर्रास ऐकू यायचा. ऐकायला काश्मीर किंवा कॅशमिअरचा भाऊ वाटतो. प्रत्यक्षात ते असाही कासेई या जपानी कंपनीच्या ॲक्रिलिक धाग्याचं व्यापारी नाव. आपल्याकडे ते एवढं रुळलं की ॲक्रिलिकच्या धाग्याचंच नाव होऊन बसलं. मेंढीचा त्यात काडीचाही संबंध नाही. ॲक्रिलिक हा खनिज तेलापासून निघणाऱ्या रसायनांतून तयार होणारा कृत्रिम धागा आहे, सोप्या भाषेत प्लॅस्टिकचाच एक प्रकार.

म्हणजे विक्रेता दरवेळी खोटं बोलत असतो असं नाही हं. हे स्टॉल लावणाऱ्यांत तिबेटी निर्वासित कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. कर्नाटकातल्या बैलकुप्पे, मुंडगोड अशा वसाहतींमधून ती हिवाळ्याचे काही महिने आपल्याकडे येतात. पण माल तिबेटी असतो ही आपली समजूत. तो बहुतेक वेळा लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतून आलेला असतो. बाजारात सगळेच ‘वुलन’ हा शब्द ‘गरम कपडा’ या अर्थाने वापरतात. आपण विचारतो मेंढीबद्दल, तो उत्तर देतो थंडीबद्दल. दोघेही आपापल्या परीने खरे!

आता खरी लोकर आणि ॲक्रिलिक यांत फरक काय? लोकरीचा धागा निसर्गतःच कुरळा असतो. त्या कुरळेपणात भरपूर हवा अडकते आणि दाबला तरी तो परत फुलतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका ओलावा शोषून घेऊ शकते आणि तरीही हाताला फारशी ओली लागत नाही. ॲक्रिलिक जेमतेम एक-दोन टक्के ओलावा शोषतं. त्यामुळे चढ चढून घाम आला की ॲक्रिलिकच्या टोपीत डोकं चिकट होतं आणि थांबल्यावर तोच घाम गार पडतो. ट्रेकला गेलेल्यांना हा अनुभव नक्की असेल. चढताना टोपी काढून खिशात आणि माथ्यावर पोचल्यावर हुडहुडी!

मग ॲक्रिलिक वाईट का? अजिबात नाही. ते स्वस्त असतं, मशीनमध्ये धुता येतं, आटत नाही, त्याला कसर लागत नाही, अंगाला टोचत नाही. निफाडमध्ये पारा घसरला म्हणून पहाटे दूध आणायला जाणाऱ्या माणसाला दोनशे रुपयांची ॲक्रिलिकची कानटोपी उत्तम आहे. मेंढीच्या नावाने दुप्पट-तिप्पट पैसे देऊन ॲक्रिलिक घेऊ नका, एवढंच. आणि जिथे पारा शून्याखाली जाणार आहे, तासन् तास बाहेर राहायचं आहे, घामही येणार आहे, तिथे मात्र खऱ्या लोकरीचे पैसे वसूल होतात.

दुकानात उभ्या उभ्या काय बघायचं?

सगळ्यात आधी टोपी उलटी करा. आपण टोपी बाहेरून बघतो, पण तिचं खरं रूप आतून कळतं. आत शिवणीत एक छोटी पट्टी असते, तिच्यावर धाग्याची टक्केवारी लिहिलेली असते. ‘१०० टक्के वूल’, ‘मेरिनो वूल’, ‘५० वूल ५० ॲक्रिलिक’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर बोलणी पुढे न्या. ‘वूल ब्लेंड’ एवढंच लिहिलं असेल तर सावध व्हा, कारण त्यात लोकर पाच टक्केही असू शकते. पट्टीच नसेल, तर ती टोपी ॲक्रिलिकची आहे असं धरून भाव करा.

वूलमार्कचं चिन्ह तुम्ही कपड्यांवर पाहिलं असेल, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लोकरीच्या लडीसारखी गुंडाळी. हे चिन्ह १९६४ पासून वापरात आहे. मूळ चिन्ह शंभर टक्के नव्या लोकरीसाठी असतं, मिश्रणासाठी त्याचीच वेगळी रूपं असतात. म्हणजे चिन्ह दिसलं की लगेच खूश होऊ नका, त्याच्या खालची अक्षरंही वाचा.

मग वीण बघा. टोपी उजेडासमोर धरून हलकेच ताणा. चाळणीसारखी भोकं दिसली, तर वारा तिथूनच शिरणार. आणखी सोपा उपाय म्हणजे टोपीचं कापड तोंडासमोर धरा आणि पलीकडे तळहात ठेवून फुंकर मारा. फुंकर हाताला सरळ लागली, तर स्कूटरवर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा. हातात जाड लागणारी टोपी दाट विणीची असतेच असं नाही. जाड धागा सैल विणला की टोपी फुगीर दिसते, पण वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. त्यापेक्षा मध्यम जाडीच्या धाग्याची घट्ट वीण कधीही चांगली, आणि दुपदरी असेल तर फारच छान.

कपाळावर बसणारी रेघारेघांची पट्टी दोन्ही हातांनी दीडपट ताणा आणि सोडा. झटकन मूळ आकारात आली तर ठीक. दुकानातच लोळागोळा होऊन राहिली, तर महिन्याभरात ती डोक्यावर टिकणार नाही. माझ्या मते बाकी कुठली परीक्षा केली नाही तरी ही जरूर करावी, कारण टोप्या फाटून कमी आणि सैल पडूनच जास्त बाद होतात.

शेवटी डोक्याच्या मध्यावर, जिथे सगळी वीण एकत्र येते, तिथे बोट घालून बघा. स्वस्त टोपीत तो भाग नुसता दोऱ्याने आवळलेला असतो आणि उसवायला तिथूनच सुरुवात होते. वरचा गोंडा किती मोठा आहे, त्यावर काय नक्षी आहे, याने ऊब वाढत नाही. लहान मुलांना तो आवडतो, तेवढा भाग सोडा. मात्र अगदी लहान बाळाच्या टोपीचा गोंडा ओढून बघा, सुटून बाळाच्या तोंडात जायला नको.

ऑनलाइन घेताना यातलं काहीच करता येत नाही, हीच अडचण आहे. तिथे फोटोवर आणि मथळ्यावर जाऊ नका. मथळ्यात ‘वुलन विंटर कॅप’ लिहिलेलं असतं आणि खाली तपशिलात ‘मटेरियल : ॲक्रिलिक’! ‘कॅशमिअर फील’, ‘वूल-लाइक’ हे शब्द दिसले की समजायचं, लोकर फक्त शब्दात आहे. तपशिलात टक्केवारी दिली नसेल तर विक्रेत्याला विचारा, उत्तर लेखी ठेवा, आणि परत करण्याची सोय असेल तरच घ्या.

घरी आल्यावर एक धागा जाळून बघा

शंका उरलीच असेल तर एक जुनी परीक्षा आहे. ती दुकानात करू नका, दुकानदार तुमची आरती ओवाळेल! घरी आल्यावर टोपीच्या आतल्या शिवणीतून लोंबणारा बोटभर धागा काढा. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून तो पेटवा. मुलं आणि पडदे दोघांनाही लांब ठेवा.

खरी लोकर नाइलाजाने जळते, ज्योत बाजूला घेतली की बहुधा विझते, आणि केस जळल्यासारखा वास येतो. यात नवल नाही, कारण लोकर आणि आपले केस दोन्ही केराटिन या एकाच प्रथिनाचे बनलेले असतात. मागे राहिलेली काळी राख बोटांनी चुरडली की भुगा होते. ॲक्रिलिक भराभर पेटतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि गार झाल्यावर टणक काळा मणी उरतो. तो चुरडत नाही. (गरम असताना हात लावू नका, चटका जोरदार बसतो.) कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ करडी राख उरली, तर धागा सुती आहे.

मिश्र धाग्यात मात्र ही परीक्षा गोंधळात टाकते. वास केसांचा आणि खाली मणीही, असं झालं तर दोन्ही आहेत एवढंच कळतं, किती ते कळत नाही. आणि साधी लोकर की पश्मिना हेही यातून कळत नाही. दोन्हींचा वास सारखाच!

लोकर टोचते, ती का?

“मला लोकरीची ॲलर्जी आहे” असं सांगणारे खूप भेटतात. बहुतेकांच्या बाबतीत ही ॲलर्जी नसते, हा धाग्याच्या जाडीचा प्रश्न असतो. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेवर वाकत नाहीत, सुईसारखी दाबतात, आणि आपल्याला टोचल्यासारखं होतं. त्याहून बारीक तंतू सहज वाकतात, म्हणून ते मऊ लागतात.

आपल्या धनगरांच्या घोंगडीवर कधी झोपला असाल तर हा फरक अंगाने कळला असेल. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. पावसात, उघड्या माळावर वर्षानुवर्षं टिकणाऱ्या घोंगडीसाठी ती अगदी योग्य. कपाळावर घासणाऱ्या टोपीसाठी नाही. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर साधारण २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असते, चांगल्या प्रतीची तर १७-१८ मायक्रॉन. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या चांगथांगी शेळीच्या अंगावर थंडीत जी मऊ लव येते, ती साधारण १२ ते १६ मायक्रॉनची. तीच पश्मिना.

म्हणून टोपी हाताने चाचपून निर्णय घेऊ नका, तळहाताची कातडी निबर असते. टोपी मानेला, कानामागे किंवा हनुवटीखाली अर्धा मिनिट लावून धरा. तिथे टोचली नाही तर कपाळालाही टोचणार नाही. लोकर आवडते पण टोचते, असं असेल तर कपाळाच्या पट्टीला आतून सुती किंवा फ्लीसचं अस्तर असलेली टोपी घ्या. फ्लीस म्हणजे पॉलिस्टरचं लवदार कापड. बाहेर लोकर, आत कानांवरून फ्लीसची पट्टी, ही जोडी मला तरी कडक थंडीसाठी सगळ्यात व्यवहारी वाटते.

मनालीच्या मॉल रोडवर…

आपल्याकडचे लाखो लोक आयुष्यातली पहिली ‘खरी’ हिवाळी टोपी सहलीतच घेतात. आणि तिथेच जास्त फसतात, कारण तेव्हा थंडी वाजत असते, गाडीवाला हॉर्न वाजवत असतो आणि खिशात सहलीचे पैसे असतात!

कुल्लू टोपी आपल्याला माहीत असते. वरून सपाट, गोल, समोर रंगीत नक्षीची विणलेली पट्टी. किन्नौर-बुशहरकडची टोपी लोकरीची, एका बाजूला हिरव्या मखमलीची पट्टी असलेली. हिमाचलात टोपीच्या रंगालाही राजकारण चिकटलं होतं. हिरवी म्हणजे काँग्रेसचे वीरभद्र सिंह आणि मरून म्हणजे भाजपचे प्रेमकुमार धुमल, असं समीकरण बरीच वर्षं होतं. तर सांगायचं हे, की टोपी सुंदर आहे, मानाची आहे, जरूर घ्या. पण ती कान झाकत नाही. रोहतांगच्या वाऱ्यात ती घालून उभं राहायचं तर कानाला मफलर लागणारच. आठवण म्हणून घ्यायची टोपी वेगळी आणि थंडीसाठी घ्यायची वेगळी, हे ठरवूनच दुकानात शिरा.

दुसरी गंमत पश्मिन्याची. “मॅडम, प्युअर पश्मिना कॅप, सिर्फ चार सौ!” एका शेळीच्या अंगावरून वर्षाकाठी काही शे ग्रॅमच कच्ची पश्मिना निघते. ती विंचरून, जाड केस वेगळे काढून, साफ केली की आणखी कमी उरते. हे कळल्यावर चारशे रुपयांत काय मिळत असेल ते आपोआप उमगतं. काश्मीरच्या पश्मिन्याला २००८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते हाताने कातलेल्या आणि हातमागावर विणलेल्या कापडाला लागू होतं. त्यामुळे यंत्रावर विणलेल्या टोपीवर कुणी जीआयची गोष्ट सांगायला लागला, तर हसून पुढे चला. अंगठीतून आरपार जाते म्हणजे पश्मिना, हेही खरं नाही. रेशमी किंवा व्हिस्कोजची पातळ ओढणीसुद्धा अंगठीतून सुळकन जाते.

कुल्लूच्या दुकानांत अंगोऱ्याच्या टोप्याही मिळतात. अंगोरा म्हणजे अंगोरा सशाचे केस. फार मऊ, फार ऊबदार, पण हे केस निसटतात. काळ्या रंगाच्या दुसऱ्या कपड्यावर ही टोपी एकदा घासून बघा, पांढरी लव भरभरून लागली तर विचार करा. दमा असलेल्यांनी तर लांबच राहिलेलं बरं.

एक फुकटचा सल्ला. थंडीच्या ठिकाणी जाऊन टोपी घेण्याऐवजी निघण्याआधी इथेच घ्या, दोन दिवस पहाटे गॅलरीत घालून बसा. टोचते का, घसरते का, कान झाकले जातात का, हे घरीच कळेल आणि बदलायला वेळही मिळेल.

कानटोपी, माकडटोपी आणि माप

‘फ्री साइज’ म्हणजे सगळ्यांना नीट बसणारी, असं नाही. ‘कुणालाच नीट नाही’ असंही असतं! शिंप्याची टेप घ्या, भुवयांच्या थोडं वर आणि कानांच्या वरून डोक्याभोवती फिरवा. मोठ्या माणसांचं माप साधारण ५४ ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. विणलेली टोपी न ताणता यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी असावी, म्हणजे ती थोडी ताणून बसते. घालून अर्ध्या तासाने काढल्यावर कपाळावर लाल वळ उठला तर ती घट्ट आहे. आणि कानाची पाळी बाहेर राहत असेल, तर ती कितीही भारी असली तरी तुमची नाही.

वाऱ्याच्या जागी माकडटोपीला तोड नाही. आपण तिला हसतो, बंगाली पर्यटकांवर तर त्यावरून किती विनोद! पण डोकं, कान, गाल, हनुवटी आणि मान एकाच कपड्यात झाकणारं दुसरं काही नाही. तिचं इंग्रजी नाव बॅलाक्लाव्हा हे क्रिमियातल्या गावावरून आलंय. १८५४ मध्ये तिथे मोठी लढाई झाली होती आणि त्या युद्धात थंडीने गारठलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी मायदेशातून विणलेल्या टोप्या पाठवल्या गेल्या होत्या. आजोबांना ती घालायला सांगताना ही गोष्ट सांगा, कदाचित ऐकतील.

आता दुचाकीवाल्यांनो, हे जरा गंभीरपणे वाचा. जाड लोकरीची टोपी घालून त्यावर हेल्मेट चढवू नका. हेल्मेट डोक्याला घट्ट बसलेलं असेल तरच ते वाचवतं. मध्ये जाड, दबणारा थर आला की एक तर ते वर राहतं, पट्टा नीट लागत नाही, किंवा टोपी दबल्यावर हेल्मेट हलायला लागतं. धडकेच्या क्षणी ते जागेवरून सरकलं तर काय उपयोग? आणि कानांवर जाड थर असला की मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही कमी ऐकू येतो. हेल्मेटखाली पातळ, बिनगाठीची, अंगाबरोबर बसणारी टोपी किंवा पातळ बॅलाक्लाव्हा वापरा, आणि ती घातल्यावर हेल्मेट डोकं हलवून तपासा. गाडी लावली की मग जाड टोपी खुशाल काढा पिशवीतून.

बाळाच्या टोपीचं थोडं वेगळं

मोठ्या माणसाला लागू होणारा १० टक्क्यांचा हिशेब तान्ह्या बाळाला लागू होत नाही. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने बरंच मोठं असतं, म्हणून नवजात बाळाचं डोकं झाकणं खरंच महत्त्वाचं आहे. विशेषतः जन्मानंतरच्या पहिल्या तासांत आणि वजन कमी असलेल्या बाळांसाठी डॉक्टर ते आवर्जून सांगतात.

पण याच कारणामुळे उलटंही होतं. बाळ जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकतं. खोलीचं दार-खिडक्या बंद, दोन दुपटी, वर लोकरीची टोपी, आणि बाळ झोपलेलं, हे आपल्या घरांतलं नेहमीचं चित्र. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सुरक्षित झोपेबद्दल दिलेल्या सूचनांत घरात झोपलेल्या बाळाला टोपी घालू नये असंच सांगितलंय, कारण बाळ जास्त तापू शकतं आणि टोपी घसरून नाकातोंडावरही येऊ शकते. बाळाची मान किंवा छाती हाताने बघा. ती घामेजलेली, तापलेली लागली तर कपडे जास्त झालेत. तुमचं बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेच करा.

बाळासाठी टोपी घेताना मऊ सुती कापडाची किंवा आतून सुती अस्तराची घ्या. हनुवटीखाली बांधायच्या नाड्या नकोत.

चांगली टोपी घेतली, आता ती टिकवायची कशी?

हजार-बाराशे रुपयांची मेरिनोची टोपी पहिल्याच धुण्यात बाहुलीच्या मापाची झाल्याची उदाहरणं घरोघरी आहेत. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणं यांमुळे ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, आणि ते पुन्हा सैल होत नाही. म्हणून गार पाणी, सौम्य साबण, हलक्या हाताने दाबून धुणं. रिठ्याचं पाणी यासाठी आपल्या आज्या वापरायच्या, ते आजही चालतं. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर लटकवलेली ओली टोपी स्वतःच्या वजनाने लांबते. लोकरीला वास लवकर लागत नाही, त्यामुळे दरवेळी धुवायचीही गरज नसते. रात्रभर हवेशीर जागी ठेवली तरी पुष्कळ.

गोळे आले तर घाबरू नका, खऱ्या लोकरीवरही सुरुवातीला येतात. छोट्या कात्रीने काढले की हळूहळू कमी होतात. ॲक्रिलिकवरचे मात्र हट्टी असतात, कारण तिथला धागा मजबूत, तो तुटून गळून पडत नाही, गोळा तसाच लटकून राहतो.

होळीनंतर टोपी कपाटात जाते तेव्हा मळकी ठेवू नका. कसरीच्या अळ्या केराटिन खातात आणि घाम, तेल लागलेल्या जागा त्यांना जास्त आवडतात. धुऊन, पूर्ण वाळवून, एक ऊन देऊन, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवली की मोठं काम झालं. डांबरगोळ्या घालणार असाल तर मोठ्यांच्या कपड्यांतच. बाळाच्या टोपड्यांत आणि दुपट्यांत त्या कधीही ठेवू नका. त्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता आपल्या बाळात आहे की नाही हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. मोठ्या मुलाची जुनी टोपी धाकट्यासाठी काढत असाल आणि तिला गोळ्यांचा वास येत असेल, तर आधी धुवा, मग उन्हात आणि वाऱ्यावर चांगली सुकवा, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाच्या डोक्यावर घालू नका.